ट्रंकेतले बूट

शर्यतीच्या दिवशी पहाटे बाबांनी पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढली आणि नवे बूट बाहेर काढले. काळे, जाड कातड्याचे, घोट्याच्या वर येणारे. समीक्षाचे बाबा, सेवकराम, रेल्वेत रूळ तपासणारे गँगमन होते आणि रेल्वे त्यांना वर्षाला एक जोड देत असे. नवा जोड घरी आला की सरळ ट्रंकेत जायचा. जुना पार तोंड वासेपर्यंत नव्याला हात लावायचा नाही, ही आईची शिस्त होती. मग एखाद्या सकाळी नवा जोड दाराशी मांडलेला असे, बाबा तो पायात घालून ड्युटीवर जात. या वर्षी दाराशी बूट मांडणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतः ट्रंक उघडली.

"नवे घालता?" समीक्षानं विचारलं.

"मंग का तोंड वासलेले घालू? गोंदियातले मोठमोठे लोक येतीन तिथं."

"धावता येईन काय त्याच्यानं?"

"दरसाल नवाच जोड घालून दिवसभर रूळ चालतो मी. एक फोड नाई आला आजपर्यंत. रेल्वेचा बूट म्हणजे लोणी राहते, लोणी."

समीक्षानं ते तेवढ्यावर सोडून दिलं. दिवाळीनंतर ती कुणाशी, कशावरूनही वाद घालत नसे. घरातल्या माणसांना आधी ते बरं वाटलं होतं.

तिची आई, ललिता, दिवाळीनंतर पंधरवड्यात गेली. तिला सिकलसेल होतं, आईबापांकडून रक्तात येणारा आजार. त्यांच्या कुडव्यात, तिकडे आमगावात, नात्यागोत्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नसे. चार घरांत मिळून एखादं तरी माणूस असं असेच, थंडी पडली की सांधे धरून बसणारं, डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळी झाक असणारं. आई मात्र बसत नसे. हाडांत कळ उठली की ती ओठ मिटून पोळ्या लाटत राही. कुणी "का झालं?" विचारलं की म्हणे, "काई नाई." ते इतक्या वेळा म्हटलं जाई की भिंतीवरच्या घड्याळाच्या आवाजासारखं ते घरात कुणाला ऐकूच येईनासं झालं होतं. शेवटच्या वेळीही ती तसंच म्हणत राहिली. अंथरुणं धुतली, दिवाळीचे डबे घासून उन्हात मांडले, आणि छातीत धरलं तेव्हा मोरीपाशी खाली बसली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "जरा आधी सांगायचं होतं." ते रागावून म्हणाले नव्हते. पण बाबा त्या वाक्यापाशी जे थांबले ते थांबलेच.

जलदान विधी झाला, पाहुणे गेले, आईचा फोटो बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंच्या खालच्या खिळ्यावर लागला. समीक्षा अकरावीत होती. ती कॉलेजात जात होती, भात रांधत होती, बाबांचा डबा भरत होती. रडली मात्र नाही. शेजारच्या जमुनाबाई ओसरीवर बसून तिच्याकडे टक लावून पाहत आणि म्हणत, "पोरगी दगड झाली व बाप्पा." समीक्षालाही ते खोटं वाटत नसे. दगडाला आपण दगड आहोत याचं दुःख होत असेल असं काही तिला वाटत नव्हतं.

एकदा संध्याकाळी ती पोळ्या करत होती. बाबा अंगणात हातपाय धुत होते, ते वासानं धावत आत आले.

"समी! बोट!"

तिनं पाहिलं. तिचं बोट तव्याच्या काठाला टेकलेलं होतं. तिनं ते उचललं. बोटावर फोड आला होता आणि तो ती दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहत राहिली. बाबांनी तिचा हात धरून माठात बुडवला.

"समजलं नाई का तुले?"

"नाई."

त्या दिवसापासून बाबांना जुनी एक गोष्ट आठवायला लागली. शाळेत तपासणीचं शिबिर झालं होतं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की मुलीत हे अर्धं आलंय. अशांना एरवी त्रास होत नाही. फक्त अतिश्रम नकोत, पाणी भरपूर प्यायचं, आणि काही दुखलं तर अंगावर काढायचं नाही. आई जिवंत होती तोवर बाबांनी हे मनावर घेतलं नव्हतं. आता ते उठता-बसता तेच म्हणू लागले. समीक्षा रोज सकाळी कुडव्याच्या नाक्यापर्यंत धावत जाई आणि धावत येई, आठवीत असल्यापासून. बाबा म्हणाले, "आता धावणं पुरे."

"बरं," ती म्हणाली.

तिनं भांडावं अशी त्यांची अपेक्षा होती. 'बरं' ऐकून ते जास्तच घाबरले.

खरं म्हणजे दिवसातला तेवढाच एक भाग तिला हवा होता. धावताना श्वास लागे, आणि तो आपलाच आहे एवढं तरी तिला कळे. बाकीचा दिवस कुणी उचलून नेला असता तरी तिनं हरकत घेतली नसती. पण हे सांगायचं म्हणजे तोंड उघडायचं, वाक्य जुळवायचं. त्यापेक्षा 'बरं' सोपं होतं.

मग डिसेंबरात एकदा जेवताना बाबांनीच विषय काढला. जिल्ह्याला दहावं वर्ष लागलं म्हणून जानेवारीत मोठी दौड ठेवली होती, आमगाव रस्त्यानं गोंदियापर्यंत, सोळा किलोमीटर. अठराच्या आतल्या मुलामुलींना एवढं अंतर एकट्यानं धावायची परवानगी नव्हती. आई किंवा बाप सोबत हवा, आणि दोघांनी मिळून पोचायचं. कॉलेजातल्या बिसेन सरांनी हे दिवाळीतच सांगितलं होतं. तेव्हा आई रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली होती, "तुह्या बापाले घेऊन जाय. त्याले रूळ सोडून दुसऱ्या रस्त्यानं चालता येते का, ते त समजू दे." सगळे हसले होते. बाबाही.

"त्या दौडीत नाव दे," बाबा म्हणाले. "मी येतो संग."

समीक्षानं मान वर केली.

"पन एक गोष्ट. कुठंबी दुखलं का सांगाचं. त्याच टायमाले. लपवलं अन् मले मागून समजलं, त धावणं त्याच दिवशी बंद. कायमचं."

"बरं."

"बरं नोको म्हणू. सांगशीन का?"

"सांगीन."

ती खोटं बोलली नव्हती. फक्त दुखलं तर आपल्याला ते कळेल का, हे तिला ठाऊक नव्हतं.

धावणाऱ्यांना ट्रकमधून नेऊन आमगावच्या अलीकडे एका राइस मिलच्या आवारात उतरवलं. धुकं होतं. कोंड्याच्या ढिगावरून वाफ निघत होती. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं उघड्या मांड्यांवर चापट्या मारत उड्या मारत होती. जोड्या थोड्याच होत्या. त्यांच्या शेजारी एक गोरे, स्थूल गृहस्थ पांढऱ्याशुभ्र बुटांत मुलासोबत उभे होते. त्यांनी बाबांच्या पायांकडे पाहिलं.

"काकाजी, ये जूते में दौड़ोगे?"

"रेल्वेचे आहेत साहेब," बाबा म्हणाले. "इंजिन लागलं आहे त्याले."

मुलगा हसला. गृहस्थही हसले. समीक्षाला आठवलं की अशा वेळी आपण लाजायचो. तिनं वाट पाहिली. काही झालं नाही.

लाउडस्पीकरवर एक माणूस हिंदीत जिल्ह्याच्या विकासाबद्दल बोलत होता. त्याचं संपेपर्यंत पाय गार पडले. मग झेंडा पडला आणि पोलीस भरतीवाली पोरं सुटली, त्यांच्या मागे बाकीचे.

समीक्षा नेहमीपेक्षा हळू निघाली. बाबांचं धावणं तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्यांची पावलं आखूड होती आणि सगळी सारख्या अंतरावर पडत होती. आयुष्यभर रुळाखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पाय टाकलेला माणूस. डांबरी रस्त्यावरही त्यांच्या पायांखाली स्लीपर होतेच. आईनं हे पाहायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं. ते कोरडंच आलं, उद्या गॅसचा नंबर लावायला हवा असं मनात यावं तसं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापलेल्या शेतांच्या बांध्या होत्या आणि त्यांत लाखोरी डाळीचा हिरवा पाला जमिनीलगत पसरला होता. उजव्या हाताला, शेतांच्या पलीकडे, रुळाचा उंच भराव सोबत चालला होता. बाबा अधूनमधून तिकडे पाहत. सवयीनं.

"पाणी पे."

तिनं त्यांच्या हातातल्या बाटलीतून दोन घोट घेतले.

"दुखून रायलं का?"

"नाई."

"पोटात?"

"नाई."

"पायात?"

"नाई, बाबा."

असं ते थोड्या थोड्या वेळानं विचारत राहिले. गावं येत होती, जात होती. एका शाळेपाशी पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी गोठ्यातून शेणाचे हात घेऊन बाहेर आली आणि ओरडली, "कोणाच्या मागं लागले व हे सारे? का चोरलं त्यानं?" बाबा धावता धावता म्हणाले, "माहीत नाई माय, सापडला का सांगतो!" म्हातारी खो खो हसली. समीक्षा पुढे पाहत धावत होती. तिचा श्वास आत येत होता, बाहेर जात होता. एवढं होतं. एवढं पुरे होतं.

निम्मं अंतर गेल्यावर तिला आवाजात फरक जाणवला. बाबांची पावलं आता सारखी पडत नव्हती. एक जड, एक हलकं. जणू मधला एखादा स्लीपर कुणी काढून नेला होता. ते पाय बाहेरच्या कडेवर टेकवत होते. तिनं ते पाहिलं आणि त्याबद्दल काही वाटायची वाट पाहिली, सकाळी पाहिली होती तशीच.

"पाणी पे," बाबा म्हणाले. "दुखून रायलं का?"

"नाई. तुमाले?"

"मले का झालं? काई नाई."

पुढे रस्ता रूळ ओलांडून जात होता. तिथलं फाटक बंद होतं.

दौडीची सगळी व्यवस्था करणाऱ्यांनी पाण्याचे ड्रम ठेवले होते, चौकाचौकांत माणसं उभी केली होती, पण मालगाडीला विचारायचं राहून गेलं होतं. पुढचे लोक केव्हाच पार झाले असावेत. मधले येऊन फाटकाशी थबकत, डावी-उजवीकडे पाहत आणि वाकून खालून निघून जात. पांढऱ्या बुटांचे गृहस्थही मुलाला पुढे घालून वाकले.

"चलो काकाजी! गाडी दूर है!"

बाबा फाटकापाशी येऊन थांबले. समीक्षाही थांबली.

"बाबा, सारे जाऊन रायले."

"जाऊ दे. फाटक बंद आहे."

"आपण मागं राहून जाऊ."

"राहून जाऊ. पन मी रेल्वेचा माणूस आहे, फाटकाखालून नाई जाणार. एका पोराले उचललं आहे मी रुळावरून, याच फाटकापासून थोडं पुढं. चादरीत." त्यांनी घाम पुसला. "उभी राय."

गेटमनच्या खोलीतून हिरवी झेंडी काखेत घेतलेला एक ठेंगणा माणूस बाहेर आला. तो बाबांच्या ओळखीचा, भैय्यालाल.

"अरे सेवक! तू बी धावून रायला? तुह्या मागं कोण लागलं बे?"

"माही पोरगी."

"शाब्बास. मी म्हणलं, साहेब लागला का काय." मग भैय्यालालनं खाली पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. "पायाले का झालं?"

समीक्षानंही पाहिलं. बाबांच्या डाव्या बुटाच्या वर, मोजा जिथून बाहेर येत होता तिथे, तो राखाडी राहिला नव्हता. लाल झाला होता आणि त्याच्या कडेला काळा पडत चालला होता. उजवीकडे तेवढं नव्हतं. आतलं रक्त मोज्यातून वर झिरपलं असावं. धावताना ते कुणाला दिसलं नव्हतं.

"बाबा."

"काई नाई."

ते त्यांनी अगदी आईसारखं म्हटलं. तोच सूर, शेवटचा शब्द जरा खाली सोडून देण्याची तीच पद्धत. बाबांनी तो सूर कधी उचलला, की तो घरातच कुठे टांगलेला होता आणि ज्याला लागेल त्यानं काढून घ्यायचा होता, कोण जाणे. समीक्षाला तो ऐकू आला. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तिला तो ऐकू आला.

"आईवानी नका बोलू," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात जमीन हलायला लागली आणि मालगाडी आली. कोळशाचे डबे एकामागून एक जाऊ लागले. भैय्यालाल झेंडी धरून उभा राहिला. बाबांचा चेहरा डब्यांच्या सावल्यांनी काळा-उजळ, काळा-उजळ होत होता. समीक्षा त्यांच्या मोज्याकडे पाहत राहिली. तिच्या आत काहीतरी हळूहळू वर येत होतं. ते दुःख नव्हतं. रागासारखं होतं, पण रागालाही नीट ताकद लागते, तेवढी त्याच्यात नव्हती. तरी ते होतं.

शेवटचा डबा गेला. एकदम शांत झालं.

"सांगाचं ठरलं होतं ना?" ती म्हणाली. "त्याच टायमाले. तुमीच ठरवलं."

बाबा फाटकाच्या खांबाला धरून उभे होते.

"दुखते," ते म्हणाले.

"कुठं?"

"दोनी टाचा." मग थोडं थांबून, जणू प्रत्येक गोष्ट आठवून सांगावी लागत होती, "डाव्या पायाचा आंगठा. अन् मागं, घोट्याच्या वर, जिथं बुटाची कडा लागते तिथं. ते सगळ्यात जास्त."

"केव्हापासून?"

"राइस मिलपासून."

भैय्यालालनं फाटक वर केलं आणि बाबांना खोलीपुढच्या स्टुलावर बसवलं. समीक्षानं खाली बसून नाड्या सोडल्या. बूट निघेना. तो लाकडासारखा होता. वरच्या कडेचं कातडं सुरीच्या पाठीसारखं कडक. मोजा काढताना बाबांनी दात आवळले, आणि मग तिनं पाहिलं म्हणून त्यांनी दात सोडले आणि म्हणाले, "स्स्. आई गं."

"नवा बूट असा घालते का कोणी?" भैय्यालाल पाण्याचा तांब्या आणून म्हणाला. "त्याले तेल नाई पाजलं?"

"तेल? कवाच नाई पाजलं. दरसाल असाच घालतो. ट्रंकेतून काढला का घातला. या सालचं कातडंच खराब आलं असन."

समीक्षाचा हात बुटावर तसाच राहिला. तिला घरामागची भिंत दिसली. कॉलेजातून, त्याआधी शाळेतून ती घरी येई तेव्हा वर्षातले काही दिवस त्या भिंतीच्या कडेला, उन्हात, चिंध्या कोंबलेले दोन बूट ठेवलेले असत. आई एरंडीच्या तेलात फडकं बुडवून ते चोळत असे. कडा बोटांनी मोडून, मऊ करून. टाचेच्या आतून अंगठा फिरवून. बाबांच्या यायच्या वेळेला बूट परत ट्रंकेत गेलेले असत. समीक्षानं ते कितीदा पाहिलं होतं आणि दप्तर टाकून आत निघून गेली होती. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

तिनं बूट बाजूला ठेवला. बाबा स्टुलावर बसले होते, त्यांचे पाय तांब्याखाली होते आणि पाणी गुलाबी होऊन मातीत जात होतं. आत्ताच सांगितलं तर ते तिथून उठू शकणार नाहीत असं तिला वाटलं.

भैय्यालालनं स्वतःच्या रबरी चपला काढून दिल्या.

"तू हो पुढं," बाबा तिला म्हणाले. "मी येतो मागून."

"दोघांनी पोचाचं आहे. अन् लपवलं त्याचं धावणं बंद, असं ठरलं होतं. तुमचं आता बंद. चालाचं."

भैय्यालाल हसला. "घे! बापाले दंड!"

"कायमचं बंद का?" बाबांनी विचारलं.

"आजच्यापुरतं."

तिला आपणच बोललेलं ऐकून जरा नवल वाटलं. दिवाळीनंतर इतकी वाक्यं ती एका दमात बोलली नव्हती.

दोघं चालत निघाले. बाबांनी बुटांच्या नाड्या एकत्र बांधून ते गळ्यात अडकवले होते. धुकं गेलं होतं आणि रस्त्यावरची रहदारी सुरू झाली होती. सायकली, मोटारसायकली, भाजीच्या गाड्या त्यांना ओलांडून जात होत्या आणि लोक त्यांच्या छातीवरच्या नंबरांकडे पाहत होते. चालताना समीक्षाचं अंग थंड होऊ लागलं आणि तिला उजव्या बरगडीखाली काहीतरी टोचल्यासारखं वाटलं. तिनं आधी तिकडे लक्ष दिलं नाही. मग दिलं. टोचतच होतं. ते किती वेळापासून टोचत होतं ते तिला सांगता आलं नसतं.

"बाबा."

"हं."

"बरगडीखाली दुखून रायलं."

बाबा जागच्या जागी थांबले. त्यांचा चेहरा उतरला. "किती?"

"थोडं. धावल्यावर दुखते ना, तसं."

"छातीत?"

"छातीत नाई. इथं." तिनं बोट ठेवून दाखवलं.

बाबांनी तिला रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर बसवलं, उरलेलं सगळं पाणी प्यायला लावलं, आणि स्वतः शेजारी बसून तिच्याकडे पाहत राहिले. एक बस गेली. एक ट्रॅक्टर गेला. कुणीतरी ओरडून विचारलं, "हारले का?" बाबांनी हात हलवला.

"आता?"

"कमी झालं."

"खरं सांग."

"खरंच कमी झालं. पन आहे थोडं."

"असू दे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी इतक्या जोरात श्वास सोडला की गळ्यातले बूट हलले.

गोंदियाच्या वेशीवरचं फुलचूर आलं तेव्हा ऊन तापलं होतं. तिथल्या पाण्याच्या ड्रमपाशी आता कुणी नव्हतं. एक पानठेलेवाला स्वतःहून दोन ग्लास पाणी घेऊन आला. गोंदियाच्या मैदानात ते पोचले तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते. शेवटची कमान मात्र अजून उभी होती. माइकची वायर गुंडाळणाऱ्या माणसाचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. त्यानं वायर परत जोडली, फुंकर मारली आणि रिकाम्या मैदानाला सांगितलं, "और ये आ गई हमारी आखिरी जोड़ी! जोरदार तालियाँ!" खुर्च्यावाल्यांतल्या एकानं टाळ्या वाजवल्या. बाबांनी कमानीखालून जाताना समीक्षाचं मनगट धरलं होतं. कमानीपलीकडे गेल्यावरही त्यांनी ते लगेच सोडलं नाही.

दुपारी बाबा पाय मिठाच्या कोमट पाण्यात घालून मागच्या दारात बसले होते. जमुनाबाई येऊन पाहून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "बापाले असं पळवते का कोणी व?" समीक्षानं बूट पुसले. आतलं रक्त ओल्या फडक्यानं काढलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं खालच्या फळीवर, डाळीच्या डब्यांमागे हात घातला. एरंडीच्या तेलाची बाटली तिथेच होती. बाटलीच्या गळ्याला आईनं बांधलेलं फडकं अजून होतं, वाळून कडक झालेलं.

ती भिंतीच्या कडेला उन्हात बसली. बुटांत चिंध्या कोंबल्या. फडकं तेलात भिजवून मऊ होईपर्यंत हातात धरलं आणि वरच्या कडेपासून सुरुवात केली. तेल लावलेली जागा काळी पडे आणि थोड्याच वेळात परत कोरडी होई. कातडं ते पिऊन टाकत होतं.

बाबा बराच वेळ पाहत होते.

"हे कुठून शिकली?"

"आई करे."

"कवा?"

"तुमी ड्युटीवर गेले का. दरसाल. ट्रंकेतून काढून, इथंच बसे. पंधरा-पंधरा दिवस लावे."

बाबांनी पाय पाण्यातून काढले नाहीत. पाणी केव्हाच गार झालं असणार. ते भिंतीकडे पाहत होते, बुटांकडे नाही.

"मले त वाटे," ते म्हणाले, "रेल्वेचे बूटच नरम राहतेत."

"हो."

"कधी बोलली नाई."

"नाई."

थोड्या वेळानं ते उठले, ओल्या पायांनी टाचा उचलून चालत भिंतीपाशी आले आणि तिच्या समोर खाली बसले. त्यांनी दुसरा बूट मांडीवर घेतला. तिनं फडक्याचा अर्धा तुकडा फाडून त्यांना दिला. ते जोर लावून चोळू लागले.

"असं नाई," ती म्हणाली. "कडा मोडाची. बोटानं. अन् टाचेत आतून आंगठा फिरवाचा."

त्यांनी कडा मोडली. अंगठा आत घातला.

"पंधरा दिवस लागतीन म्हणते?"

"हो."

"मंग तवरी जुनेच घालतो. सकाळी धावाले किती वाजता उठवू तुले?"

समीक्षाचा हात क्षणभर थांबला. "पाच वाजता," ती म्हणाली. "पन तुमी येऊ नका. तुमच्या टाचा..."

"सायकलनं येतो."

कुठल्यातरी घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. ऊन भिंतीवरून सरकून त्यांच्या पाठींवर आलं होतं. समीक्षानं पाय लांब केले, पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि पाय परत जवळ घेतले.

"बाबा, पिंढऱ्या दुखून रायल्या."

"दुखतीनच," बाबा म्हणाले, आणि बुटाला तेल लावत राहिले.